तुंबलेला बोका: दिवाळीतले एक प्रकरण

रुग्ण: बंड्या. देशी बोका, करड्या पट्ट्यांचा, वय अंदाजे चार वर्षे, नसबंदी झालेली, वजन साडेपाच किलो. राहणे पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर. बाहेर जाणे-येणे नाही. खाणे फक्त कोरडे, पिशवीतले दाणे. आणण्याचा दिवस दिवाळीचा पाडवा, सकाळची वेळ. तक्रार काकूंच्या शब्दांत: "डॉक्टर, दोन दिवस झाले, याला शी होत नाहीये. सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय."

एक खुलासा आधीच करतो. ही एकाच रुग्णाच्या केसपेपरची नक्कल नाही. लघवी तुंबलेल्या बोक्यांत जे नेहमी दिसते, ते एका बंड्याच्या अंगावर घालून सांगितले आहे. आकडे अशा रुग्णांत सर्रास सापडणारेच आहेत.

काकूंची तक्रार चुकीची होती, पण तिच्यात काकूंचा दोष नव्हता. मांजर शी करायला आणि लघवी करायला जवळजवळ सारखेच बसते. पाठ किंचित वाकलेली, शेपूट मागे, चेहऱ्यावर ताण. पाहणाऱ्याला काहीच बाहेर येताना दिसत नाही आणि आपल्याकडे "पोट साफ नाही" हे निदान सगळ्यात आधी सुचते. त्यामुळे दुधातून चमचाभर इसबगोल दिले गेले होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुलाला ट्रेजवळ गुलाबी थेंब दिसला, तेव्हा लघवीची शंका आली. दवाखाने बंद, म्हणून औषधाच्या दुकानातून माणसांच्या लघवीची जळजळ थांबवणारे सिरप आणले आणि ड्रॉपरने पाजले. त्या सिरपबद्दल पुढे बोलूच.

बोका कुंथतोय म्हटले की उलट सिद्ध होईपर्यंत लघवी तुंबली आहे असेच धरायचे. याला अपवाद नाही. पोटाच्या मागच्या भागात दोन बोटांनी चाचपले की दहा सेकंदांत उत्तर मिळते. ते चाचपण्याआधी एनिमा देणारे, जुलाबाचे औषध देऊन "उद्या बघू" म्हणणारे अजूनही भेटतात. या रोगात उद्या नेहमी मिळतोच असे नाही.

इतिहास घेताना काकूंना आम्ही विचारले, "शेवटची लघवी नक्की कधी पाहिलीत? ट्रेमधला ओला गोळा?" त्या थांबल्या. नरकचतुर्दशीच्या पहाटेनंतर कुणीच पाहिला नव्हता. उलटी काल रात्री दोनदा. खाणे बंद. आधी कोपऱ्यात जाऊन ओरडत होता, आज पहाटेपासून गप्प. हा गप्पपणा घरच्यांना आराम वाटला होता. आम्हाला मात्र त्याचीच जास्त धास्ती वाटली.

आणखी एक प्रश्न आम्ही प्रत्येक मांजराच्या मालकाला विचारतो: "दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल वगैरे दिलंत का?" दिलेले नव्हते. आपल्या यकृतात हे औषध ज्या रसायनप्रक्रियेने निष्प्रभ होते ती मांजरात फार दुबळी असते. त्यामुळे माणसाची एक गोळी मांजराच्या रक्तातला प्राणवायू वाहून नेण्याचा गुणच मारून टाकू शकते. हिरड्या चॉकलेटी पडतात, चेहरा सुजतो. बंड्याच्या बाबतीत ते टळले होते.

टेबलावर काय दिसले

बंड्या कुशीवर पडून होता. टेबलावर ठेवल्यावर उठून पळायचा प्रयत्नही केला नाही. शरीराचे तापमान ९५.४ अंश फॅरनहाइट. निरोगी मांजराचे साधारण १००.५ ते १०२.५ असते. हिरड्या फिकट, चिकट. नाडी मांडीत मंद. हृदयाचे ठोके मिनिटाला १०४.

हा १०४ आकडा माणसांच्या हिशोबाने वाचू नये. दवाखान्यात आणलेल्या, घाबरलेल्या मांजराचे हृदय १६० ते २२० च्या दरम्यान पळत असते. इतक्या आजारी, इतक्या वेदनेत असलेल्या बोक्याचे ठोके वाढायला हवे होते. ते कमी झाले आहेत आणि अंगही गार पडले आहे, ही जोडी दिसली की रक्ताचा रिपोर्ट येण्याआधीच पोटॅशियम धोकादायक पातळीवर गेले आहे असे समजून कामाला लागावे.

मूत्राशय हाताला मोसंबीएवढे आणि तितकेच टणक लागले. हलके दाबूनही थेंब आला नाही. जोरात दाबून पाहायचे नसते, भिंत ताणून नाजूक झालेली असते आणि फुटू शकते. शिस्नाचे टोक लालभडक, चाटून चाटून सोललेले, त्यावर पांढरट रवाळ कण.

नस मिळाली पुढच्या पायात, दुसऱ्या प्रयत्नात. त्याच सुईतून रक्त घेतले. पोटॅशियम ९.१ मिलिइक्विव्हलंट प्रति लिटर (साडेपाचच्या आत असायला हवे), क्रिएटिनिन (मूत्रपिंडे न गाळल्याने रक्तात साठणारा कचरा) ११.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, युरिया मशीनच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे, आयनीभूत कॅल्शियम कमी, रक्त आम्लधर्मी. ईसीजीवर, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखावर, ठोका सुरू होतानाची पी लाट दिसतच नव्हती, टी लाट उंच टोकदार, ठोक्याचा मुख्य भाग असलेला क्यूआरएस रुंद झालेला.

लघवी अडकली होती मूत्रमार्गात, पण जीव धोक्यात आला होता हृदयामुळे. लघवी बाहेर पडायची थांबली की मूत्राशयातला दाब उलट्या दिशेने मूत्रपिंडांपर्यंत जातो आणि गाळण्याचे काम बंद पडते. जे लघवीवाटे रोज बाहेर जायचे, म्हणजे युरिया, आम्ल आणि सगळ्यात घातक असे पोटॅशियम, ते रक्तात साठत जाते. पूर्ण तुंबलेला बोका साधारण दोन-तीन दिवसांत जातो आणि तो बहुतेकदा मूत्रपिंडे निकामी झाल्याने जात नाही, हृदय थांबल्याने जातो.

आधी हृदय, मग नळी

इथे घरच्यांचा आणि नव्या डॉक्टरांचाही पहिला विचार एकच असतो: नळी घाला, लघवी काढा. विचार बरोबर, क्रम चुकीचा. नळी घालायला गुंगी द्यावी लागते. पोटॅशियम नऊच्या वर असताना गुंगी दिली तर लघवी निघेल, बोका मात्र टेबलावरच राहील.

दुसरी एक समजूत याहून वाईट: लघवी होत नाही म्हणून "लघवीचे इंजेक्शन", म्हणजे फ्युरोसेमाइड. ते मूत्रपिंडांना जास्त लघवी तयार करायला लावते. दार बंद असताना आत पाणी सोडण्यात काय अर्थ?

बंड्याला सर्वात आधी १० टक्क्यांचे कॅल्शियम ग्लुकोनेट ५ मि.लि., नसेतून, दहा मिनिटे लावून हळूहळू दिले, ईसीजीवर नजर ठेवून. कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही, हे नीट लक्षात ठेवावे. पोटॅशियम वाढले की हृदयाच्या पेशींचा विश्रांतीचा विद्युतदाब आणि ठोका सुरू होण्याचा उंबरठा यांतले अंतर घटते आणि पेशी नीट काम करेनाशा होतात. कॅल्शियम तो उंबरठाच वर सरकवते, अंतर परत मिळते. परिणाम काही मिनिटांत दिसतो आणि अर्ध्या-पाऊण तासात ओसरू लागतो. ही उसनी मिळालेली वेळ असते. ठोके १५० वर आले, बारीकशी पी लाट परतली.

त्या वेळेत इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज. साधे, म्हणजे रेग्युलर इन्सुलिन २ युनिट नसेतून, सोबत दर युनिटला दोन ग्रॅम या हिशोबाने २५ टक्क्यांचे डेक्स्ट्रोज १६ मि.लि., तेवढ्याच सलाइनमध्ये पातळ करून. इन्सुलिन साखरेसोबत पोटॅशियमलाही पेशींच्या आत ढकलते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या मि.लि.ला ४० युनिटच्याही असतात आणि १०० च्याही. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० ची आणि नारिंगी टोपणाची १०० ची. धावपळीत यांची अदलाबदल झाली तर डोस अडीचपट होतो किंवा निम्म्याहून खाली जातो. मांजरासाठी हा फरक प्राणघातक ठरू शकतो. बाटली आणि सिरिंज दोघांनी मिळून वाचायची, असा नियम आमच्याकडे आहे. पुढचे काही तास साखर तासातासाला तपासली आणि सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज चालू ठेवले.

सलाइन कोणते, यावर वाद ऐकू येतो. रिंगर लॅक्टेटमध्ये लिटरला चार मिलिइक्विव्हलंट पोटॅशियम असते, म्हणून काही जण ते टाळतात. पण नऊ असलेल्या रक्तात चारचे द्रव गेले तर पातळी खालीच येते, शिवाय साध्या नॉर्मल सलाइनपेक्षा त्याने आम्लता लवकर सुधारते. बंड्याला रिंगर लॅक्टेटच दिले, आधी किलोला दहा मि.लि. या मापाने आणि मग पुन्हा तपासून. मांजराला कुत्र्यासारखे भसाभस द्रव सोसत नाही. लपलेला हृदयरोग असेल तर फुप्फुसांत पाणी भरते.

यानंतर एक वादाचा निर्णय. पोटाच्या बाहेरून बारीक सुईने मूत्राशय रिकामे करावे का? ताणलेल्या भिंतीत सुई घातली तर गळती होईल, अशी भीती जुन्या पुस्तकांत आहे. काळजीपूर्वक, एकदाच केले तर हा धोका थोडा असतो आणि फायदे खरे: वेदना लगेच कमी होते, मूत्रपिंडांवरचा दाब उतरतो, तपासणीला न मिसळलेली लघवी मिळते आणि पुढे नळी घालताना खडा मागे सरकायला जागा मिळते. आम्ही २३ गेजच्या बटरफ्लाय सुईने सुमारे ९० मि.लि. लालसर लघवी काढली. सगळी काढली नाही. ज्या बोक्याचे मूत्राशय आधीच निळसर-काळे पडलेले, पोटात पाणी झालेले दिसते, त्याला हे करू नये.

दोन तासांनी पोटॅशियम ७.२, ठोके १७०, तापमान ९७.८. आता गुंगी देण्याजोगा झाला.

नळी

गुंगीसाठी ब्युटॉर्फेनॉल आणि मिडाझोलाम, वर अगदी थोडे केटामाइन. केटामाइन मांजराच्या शरीरातून बरेचसे मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते, म्हणून हात आखडता. डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचे औषध ठोके आणखी मंद करते, त्यामुळे विचारच केला नाही. शेपटीच्या मुळाशी, माकडहाडाच्या सांध्यात दोन टक्क्यांचे लिग्नोकेन अर्धा मि.लि. दिले. ही भूल जमली की शेपूट सैल पडते, गुदद्वार ढिले होते आणि मूत्रमार्गाची आवळलेली स्नायूची भिंतही सैल होते. नळी घालताना जी अडचण खड्याची वाटते, ती पुष्कळदा या आवळीचीच असते. ही भूल येत असेल तर गुंगीची औषधे निम्म्यावर येतात. महाविद्यालयातून बाहेर पडण्याआधी प्रत्येकाने ती शिकावी असे माझे ठाम मत आहे.

बोक्याचा मूत्रमार्ग शिस्नात सर्वात अरुंद असतो, मिलिमीटरहूनही कमी. मांजरीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद. म्हणून मांजरींना मूत्राशयाचा दाह होतो, पण त्या अशा तुंबत नाहीत. शिस्न आधी बाहेर काढून बोटांत हलके चोळले. टोकातून टूथपेस्टसारखा पांढरा लगदा थोडासा निघाला. मग शिस्न मागे, कण्याला समांतर ताणले, कारण तसे केल्यावाचून मूत्रमार्गातला बाक सरळ होत नाही आणि नळी त्या बाकावरच अडते.

जॅक्सन कॅट कॅथेटर ही कडक नळी, तीन फ्रेंच (नळीच्या जाडीचे माप), टोकाशी दोन सेंटिमीटरवर अडले. ढकलायचे नाही, हा इथला एकमेव कायदा. मूत्रमार्ग फाटला तर सोपा रुग्ण अवघड होतो. नळीला सलाइनची सिरिंज जोडून, शिस्नाचे टोक बोटांनी नळीभोवती घट्ट धरून, थांबून थांबून धुतले. बराच वेळ काहीच हलले नाही. मग एकदम प्रतिकार गेला आणि नळी आत सरकली. गढूळ, रक्ताळ लघवी, तळाशी रेतीसारखा गाळ.

ही कडक नळी आत ठेवण्यासाठी नसते, ती मूत्राशयाच्या भिंतीला टोचत राहते. ती काढून मऊ, साडेतीन फ्रेंचची नळी घातली, मूत्राशय कोमट सलाइनने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले, नळी टाक्यांनी कातडीला बांधली. सलाइनचा सेट आणि रिकामी सलाइनची पिशवी जोडून बंद पद्धतीची जोडणी केली. नळीचे दुसरे टोक उघडे सोडून खाली टॉवेल घालणे ही आपल्याकडची सोयीस्कर सवय आहे. त्यातून जंतू वर चढतात आणि लघवी किती झाली याचा हिशोबही राहत नाही. हिशोब का लागतो, ते त्याच रात्री कळते.

पुढचे दोन दिवस

तुंबलेले सुटले की मूत्रपिंडे अडकलेला सगळा कचरा एकदम बाहेर टाकू लागतात. सोबत पाणीही धावते. साधारण मांजराची लघवी किलोला तासाला एक-दोन मि.लि. असते. बंड्याची पहिल्या रात्री तासाला ७० मि.लि.पर्यंत गेली, म्हणजे किलोमागे बारा-तेरा. नेहमीच्या वेगाने सलाइन लावून डॉक्टर झोपायला गेले असते तर सकाळी तोच बोका शरीरातले पाणी आटून पुन्हा शॉकमध्ये सापडला असता. दर चार तासांनी पिशवी मोजायची, बाहेर गेले तेवढे आत द्यायचे, वजन करायचे. दुसऱ्या दिवशी हळूहळू आतले कमी करत पाहायचे, बाहेरचे कमी होते का. झाले तर मूत्रपिंडे ताळ्यावर आली. नाही झाले आणि वजन घटले तर पुन्हा वाढवायचे.

पहिल्या दिवशी शत्रू असलेले वाढलेले पोटॅशियम दुसऱ्या दिवशी उलट कमी पडू लागते. सहा तासांनी ५.८, बारा तासांनी ४.६, दुसऱ्या सकाळी ३.२. मान खाली टाकून बसू लागला. आता पोटॅशियम क्लोराइड द्यायची वेळ आली. आपल्याकडच्या दहा मि.लि.च्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हलंट असतात. अर्धा लिटरच्या बाटलीत पाच मि.लि. घालून बाटली पुन्हा पुन्हा उलटी-सुलटी केली, कारण न मिसळलेले पोटॅशियम तळाशी बसते आणि पहिल्या काही मिनिटांतच नसेत जाते. वेग किलोला तासाला अर्ध्या मिलिइक्विव्हलंटच्या वर कधीही नाही.

वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिन. मेलॉक्सिकॅम हे दाह कमी करणारे वेदनाशामक नाही, क्रिएटिनिन दोन आकडी असताना ते मूत्रपिंडांवर आणखी भार टाकते. आणि अँटिबायोटिक नाही. हे ऐकून मुलगा अस्वस्थ झाला. "एवढं इन्फेक्शन झालंय आणि अँटिबायोटिक नाही?" त्याला सांगितले की तरुण बोक्यांत हा रोग जंतूंमुळे होणे फार विरळा. सुईने काढलेल्या लघवीत जंतू दिसले नव्हते, कल्चरही नंतर कोरेच आले. नळी आत असताना अँटिबायोटिक दिले तर जंतू येण्याचे थांबत नाहीत; फक्त येतात ते औषधाला न जुमानणारे येतात. मूत्रमार्ग सैल करायचा म्हणून प्राझोसिन देण्याची पद्धत बरीच वर्षे चालली; पडताळून पाहिल्यावर पुन्हा तुंबणे त्याने कमी होत असल्याचे दिसले नाही. आम्ही ते देणे सोडले आहे.

तिसऱ्या दिवशी लघवी फिकट पिवळी, क्रिएटिनिन १.९. नळी काढली. आता खरी घालमेल. संध्याकाळी बंड्या ट्रेमध्ये गेला, कुंथला, दोन थेंब आले, बाहेर आला, पुन्हा गेला. काकू भेटायला आल्या होत्या, त्यांचा चेहरा पडला. चाचपले तर मूत्राशय लिंबाहून लहान आणि मऊ. ही तुंबण नव्हती. सोललेल्या मूत्रमार्गाची आग होती. मूत्राशय मोठे आणि टणक असेल तर पुन्हा तुंबले, मोठे पण मऊ असेल आणि दाबल्यावर धार येत असेल तर ताणून थकलेला स्नायू, लहान असेल तर दाह. कुंथणे तिन्हींत सारखेच, उपचार तिन्हींचे वेगळे. वेदनेचे औषध चालू ठेवले. पहाटे ट्रेमध्ये मुठीएवढा ओला गोळा सापडला. त्याचा फोटो काकूंना पाठवला. उत्तरात हात जोडलेले तीन इमोजी आले.

तुंबले कशाने

एक्स-रेमध्ये मूत्रपिंडांपासून थेट शिस्नाच्या टोकापर्यंत खडा नव्हता. मागचा भाग फिल्ममध्ये घेतला नाही तर मूत्रमार्गातला खडा हमखास निसटतो, म्हणून पाय पुढे ओढून दुसरा फोटो घेतलाच. सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत जाड, आत गाळ. ताज्या लघवीचा पीएच ७.५, सूक्ष्मदर्शकाखाली भरपूर लाल पेशी आणि स्ट्रुव्हाइटचे स्फटिक, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट. लघवी फ्रिजमध्ये ठेवून नंतर पाहिली तर थंडीनेही स्फटिक बनतात, त्यामुळे लगेच पाहिली. बाहेर आलेला लगदा म्हणजे दाह झालेल्या मूत्राशयातून पाझरलेली प्रथिने, पेशी आणि त्यात अडकलेले हे स्फटिक. याला खडा म्हणत नाहीत, बुच म्हणतात.

स्ट्रुव्हाइट अल्कधर्मी लघवीत तयार होते. इथे ते सिरप पुन्हा येते. त्यातल्या डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटचे काम लघवी अल्कधर्मी करणे हेच आहे. माणसाची जळजळ त्याने कमी होते. स्ट्रुव्हाइट बनवणाऱ्या बोक्याला तेच औषध उलटे पडते. दोन चमच्यांनीच बंड्या तुंबला असे मी म्हणणार नाही, तो तोवर तुंबलेलाच होता. पण पाजताना झालेली झटापट आणि गेलेली रात्र हिशोबात धरावीच लागते.

आता स्फटिक का झाले, याचे उत्तर स्फटिकांत शोधून भागत नाही. स्फटिक असूनही न तुंबणारी मांजरे पुष्कळ. मांजरांच्या लघवीच्या तक्रारींत निम्म्याहून अधिक वेळा खडा, जंतू काहीच सापडत नाही. मूत्राशयाचा दाह असतो आणि कारण दाखवता येत नाही. अशा मांजरांवर ओहायो स्टेट विद्यापीठातले टोनी बफिंग्टन यांनी बरीच वर्षे काम केले. त्यांचे म्हणणे असे की दोष एकट्या मूत्राशयात नसतो, तर ताणाला शरीर ज्या तऱ्हेने प्रतिसाद देते त्यात असतो. घरातल्या परिस्थितीत बदल केल्याने लक्षणे कमी होतात, हे त्यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्धही केले.

म्हणून काकूंना आम्ही दिवाळीबद्दल विचारले. रंगकाम दसऱ्यानंतर सुरू झाले होते. बाथरूममधला ट्रे तेव्हा गॅलरीत गेला आणि तिथेच राहिला. गॅलरीखाली सोसायटीचे फटाके. नरकचतुर्दशीच्या पहाटेपासून बंड्या पलंगाखाली; ट्रेपर्यंत जायची हिंमत नाही. घरात पाहुणे, नातवंडे, त्याच्या नेहमीच्या जागेवर गाद्या. पाण्याची वाटी एक, तीही खाण्याच्या वाटीला चिकटून. कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास; डब्यातल्या ओल्या खाण्यात पंचाहत्तरच्या वर. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले, तहान त्याला उशिरा कळते, लघवी दाट करून ते निभावून नेते. दाट लघवी, ती दीड दिवस रोखून धरलेली, वर भीतीने पेटलेला मूत्राशयाचा दाह, आणि साडेपाच किलोचे सुस्त अंग. यातले एकेक कारण सुटे असते तर कदाचित भागून गेले असते.

मुलाचा प्रश्न सरळ होता: "परत होणार का?" होऊ शकते. वेगवेगळ्या पाहण्यांत पुन्हा तुंबण्याचे प्रमाण साधारण दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत मिळते आणि पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक. पुन्हा पुन्हा झाले तर शिस्नाचा अरुंद भाग काढून रुंद वाट करण्याची शस्त्रक्रिया आहे. तिने तुंबणे बहुतेक थांबते, दाह थांबत नाही आणि पुढे जंतुसंसर्ग वाढू शकतो. पहिल्याच वेळी ती सुचवणे मला पटत नाही.

घरी पाठवताना औषधांची चिठ्ठी लहान आणि घराची यादी लांब झाली. स्ट्रुव्हाइट विरघळवणारे, लघवी सौम्य आम्लधर्मी ठेवणारे ओले खाणे. ते परवडेनासे झाल्यास निदान दाण्यांत कोमट पाणी किंवा कोंबडी उकडलेले पाणी, पण त्यात मीठ, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसणाने मांजराच्या लाल पेशी फुटतात. पाणी तीन ठिकाणी, रुंद भांड्यांत. ट्रे दोन, दोन्ही घराच्या आत, शांत जागी, रोज साफ. पलंगाखालची जागा त्याची, तिथून कुणी ओढून काढायचे नाही. वजन हळूहळू पाच किलोच्या आत. आणि रोज ट्रेमधले ओले गोळे मोजायचे. हे शेवटचे काम काकांनी आनंदाने घेतले आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहू लागले.

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.४, लघवीचा पीएच ६.४, स्फटिक नाहीत. तीन महिन्यांनी वजन ५.१.

पुढच्या वर्षी गणपतीत, रस्त्यावर ढोल-ताशांचा सराव सुरू झाल्यावर, बंड्या पुन्हा कुंथू लागला. काकांच्या कॅलेंडरवर सकाळपासून शून्य होते. दुपारी तो टेबलावर होता. मूत्राशय लहान, दाबल्यावर गुलाबी धार. तुंबलेला नव्हता. वेदनेचे औषध, जास्तीचे पाणी, आणि मिरवणुकीच्या दिवसांसाठी आदल्या संध्याकाळपासून द्यायला भीती कमी करणारे गॅबापेंटिन लिहून दिले. चार दिवसांत गोळे पूर्ववत झाले. दिवाळीसाठीही तेच औषध ठरले आहे. ट्रे यंदा गॅलरीत हलवायचा नाही, रंगकाम करणाऱ्यालाही तसे सांगून ठेवले आहे.